हुनर : नावेतले पाणी कुठून येते?

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या नागपुरातून आम्ही मासेमारीच्या नावेवर लिहितो आहोत, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण नाव फक्त समुद्रातच चालते असे थोडेच आहे? आमचा पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख. नागपूर शहरातच अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव आणि जुम्मा तलाव आहेत. जिल्ह्यात रामटेकजवळ खिंडसी आहे, पेंच नदीवर तोतलाडोहचा मोठा जलाशय आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे गेलात तर गावागावाला जुने मालगुजारी तलाव लागतात. माजी मालगुजारी म्हणून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. या पाण्यावर ढीवर आणि भोई समाजाची कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या रोजी कमावत आली आहेत. त्यांचे जाळे सगळ्यांना दिसते. जाळे ज्याच्या भरवशावर टाकले जाते, त्या डोंग्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

या सदरात आम्ही हाताने काम करणाऱ्यांचे हुनर मांडत असतो. भांड्यांना कल्हई करणारे, गादी-रजईत कापूस भरणारे, हातमागावर बसणारे यांच्याबद्दल आपण वाचले आहे. या वेळचे हुनर गळक्या नावेत पाणी कुठून येते ते शोधण्याचे आणि ती जागा बंद करण्याचे आहे. ऐकायला काम साधे वाटते. पण ज्याला ते येते त्याच्या घरी रात्री शांत झोप लागते, आणि ज्याच्या नावेकडे दुर्लक्ष होते त्याच्या घरची माणसे संध्याकाळी दारात उभी राहून वाट पाहतात.

थोड्या पाण्याचे वजन

आधी हिशेब करू. आम्ही शिक्षक, हिशेबाशिवाय आमचे भागत नाही.

समजा एक डोंगा पंधरा फूट लांब आणि मध्ये तीन फूट रुंद आहे. दोन्ही टोके निमुळती आहेत. त्याच्या तळाशी चार इंच पाणी साचले. पायाचा घोटा जेमतेम बुडेल एवढेच. अनेक जण म्हणतील, एवढे तर चालतेच. पण मोजले तर हे पाणी ३०० लिटरच्या आसपास जाते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे त्या डोंग्यात साठ-साठ किलोची पाच माणसे न दिसता येऊन बसली आहेत.

ही पाच माणसे स्थिर बसत नाहीत, हा दुसरा धोका. नाव जरा डावीकडे कलली की सगळे पाणी डावीकडे धावते आणि तिला आणखी कलवते. तेवढ्यात कुणी जाळे ओढायला त्याच बाजूला वाकले तर नाव उलटायला वेळ लागत नाही. तेवढ्याच वजनाची पोती तळाशी घट्ट बसवली तर नाव खाली बसेल, पण अशी हेलकावणार नाही. मोकळे पाणी पोत्यापेक्षा वाईट असते ते यासाठी.

जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेवर एक नाव उलटली. मिरची तोडायच्या मजुरीला निघालेल्या सहा बायका त्यात गेल्या. ती नाव गळकी होती असे आमचे म्हणणे नाही. सांगायचे एवढेच की आमच्याकडच्या लहान नावांमध्ये मासे, जाळे, मजूर, सायकल असे सगळेच जाते, आणि त्यांच्यात चूक पोटात घेण्याइतकी जागा शिल्लक नसते. अशा नावेत आधीच तीनशे किलो पाणी बसलेले असेल तर उरलीसुरली जागाही संपते.

आता पाणी किती वेगाने येते ते पाहू. टॉरिसेली नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात दाखवून दिले की छिद्रातून येणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीवर ठरतो. पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर पेन्सिल जाईल एवढे, म्हणजे सात मिलिमीटरचे भोक असेल, तर मिनिटाला तीन लिटरहून जास्त पाणी आत येते. तासाला २०० लिटर, म्हणजे दहा लिटरच्या वीस बादल्या. भोकाची रुंदी दुप्पट झाली तर पाणी दुप्पट होत नाही, चौपट होते. मग तासाला ऐंशी बादल्या उपसाव्या लागतील. मिनिटाला एकीहून जास्त. एकटा माणूस उपसेल की वल्हवेल?

भोक निदान डोळ्यांना दिसते. दोन फळ्यांमधला सांधा एक मीटर लांबीत फक्त अर्धा मिलिमीटर उघडला, तर त्या फटीचे क्षेत्रफळ पेन्सिलीएवढ्या तेरा भोकांइतके भरते. फट अरुंद असल्याने पाणी घासत येते, त्यामुळे तेरापट येणार नाही. पण नजरेला केसासारखी दिसणारी रेघ काय करू शकते याचा अंदाज यावरून येईल.

पाणी दिसते तिथून येत नाही

रामटेक तालुक्यातल्या एका तलावावर आम्ही शाळेच्या मुलांना घेऊन गेलो होतो. तिथे सत्तरीकडे झुकलेले एक ढीवर बाबाजी आपला डोंगा काठावर ओढून त्याच्यापाशी बसले होते. मुलांनी विचारले, पाणी मागच्या बाजूला साचले आहे, तर भोकही मागेच असेल ना? बाबाजी हसले. म्हणाले, "पोट्टेहो, पाणी उंदरासारखं असते. दिसते सैपाकघरात, पण बीळ असते कोठीत."

मग आमच्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, पाणी एकीकडून येते अन् बसते दुसरीकडे. उपसून उपसून हात दुखते, पण भोक तेवढंच राह्यते जी."

या दोन वाक्यांत सगळे हुनर आले. पाणी पुढच्या फळीतून शिरते, आतल्या फासळ्यांच्या आडून वाहत जाते आणि जिथे तळ सर्वात खोल असेल तिथे साचते. आपण साचलेल्या जागी डांबर थापतो. दोन दिवसांनी पाणी पुन्हा तिथेच. मग आणखी डांबर. शेवटी डोंगा जड होतो आणि गळती जिथल्या तिथे राहते. आणि उपसण्याची सवय अशी लागते की ती गळती लपवते. रोज सकाळी दहा डबे काढायचे, हे कामाचाच भाग वाटू लागते. काल दहा होते, आज चौदा झाले, हे कुणी मोजत नाही.

म्हणून शोधाची पहिली पायरी मोजण्याची. रात्री डोंगा कोरडा करून बांधा. सकाळी किती डबे निघाले ते मोजा आणि घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पावसाचे दिवस असतील तर वर ताडपत्री टाका, नाहीतर आभाळाचे पाणी तळ्याच्या खात्यावर मांडले जाईल. ओल्या जाळ्यातूनही बरेच पाणी आत येते, तेही वेगळे धरा.

दुसरी पायरी, पाणी केव्हा येते ते पाहण्याची. डोंगा नुसता बांधलेला असताना पाणी येत असेल तर वाट तळाशी, कायम पाण्याखाली असलेल्या भागात आहे. रिकामा असताना कोरडा आणि माणसे-मासे भरल्यावर गळत असेल, तर वाट वरच्या फळीत आहे. भार पडल्यावरच ती पाण्याखाली जाते. वल्हवताना किंवा काठावर आपटल्यावरच पाणी येत असेल, तर एखादी फळी किंवा खिळा सैल झाला आहे, ताण आला की तोंड उघडते. एवढ्या विचारानेच निम्मी नाव शोधातून बाद होते.

तिसरी पायरी काठावरची. डोंगा बाहेर ओढून ठोकळ्यांवर समतल ठेवा. बाहेरून धुऊन पूर्ण वाळू द्या. मग आत थोडे पाणी घाला आणि बाहेरून बघा. आतले पाणी ज्या वाटेने बाहेर येते, त्याच वाटेने बाहेरचे आत जात असते. जिथे पहिला थेंब धरेल तिथे लगेच खडूने खूण करा. उशीर केलात तर ओघळ खाली पसरतो आणि पुन्हा तोच घोळ होतो. पाण्यात थोडी नीळ मिसळली तर थेंब ठळक दिसतो. एक सावधगिरी मात्र हवी. काठोकाठ पाणी कधी भरू नका. नावेला बाहेरून पाण्याचा आधार असतो. कोरड्या जमिनीवर आतून भरलेले पाणी तळाच्या फळ्या फाकवते आणि नसलेली गळती तयार होते. चार-पाच इंच पुरे, आणि ठोकळे पुढे, मागे आणि मध्ये, तिन्ही ठिकाणी हवेत.

चौथी युक्ती तर आमच्या धंद्यातली. डोंगा पाण्यात असतानाच आतून शोधायचे असेल तर आधी फडक्याने तळ कोरडा पुसा आणि सांध्यांवर खडूची पूड भुरभुरा. खडू नसेल तर चुलीची चाळलेली राख चालते. मग हात न लावता बसून राहा. पूड जिथे सर्वात आधी ओली होऊन काळपट पडेल, ती जागा. मुलांनी हे पाहिले तेव्हा एकजण म्हणाला, सर, खडू फळ्याशिवायही कामाला येतो! आम्ही म्हणालो, इथेही तो फळीवरच चालला आहे.

लाकूड जिवंत असते

लाकडी नावेची गळती समजायची तर लाकडाचा स्वभाव ओळखावा लागतो. उन्हाळ्यात डोंगा काठावर पडून राहिला की लाकूड वाळून आकसते आणि सांधे उघडतात. पाण्यात टाकला की पहिल्या दिवशी चाळणीसारखा गळतो. घाबरून कुणी सगळ्या फटी ठासून भरतात. दोन दिवसांनी लाकूड पाणी पिऊन फुगते, फटीत जागा उरलेली नसते, मग फळी फळीला ढकलते आणि खिळे उपटतात. म्हणून जाणती माणसे वाळलेला डोंगा आधी उथळ पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून मुरवतात. त्यानंतरही जी जागा पाझरते तीच खरी गळती.

अशा सांध्याचे काम तीन टप्प्यांत होते. आधी जुना कापूस, डांबर, कुजका भुगा खरवडून काढायचा. चांगले लाकूड लागेपर्यंत. मग कापसाची सैल वळलेली वात बोथट छिन्नीने आणि लाकडी हातोड्याने हळूहळू आत बसवायची. इतकी घट्ट की बोटाने निघू नये, इतकीही नाही की दुसऱ्या बाजूने बाहेर यावी. शेवटी वरून तेलात शिजवलेली राळ किंवा डांबर भरायचे. पाणी अडवण्याचे मुख्य काम कापूस करतो. तो भिजून फुगतो आणि फट दाबून धरतो. वरचा थर फक्त कापसाला जपतो. त्यामुळे कापूस न भरता नुसते डांबर फासणे म्हणजे जखमेवर औषध न लावता पट्टी बांधण्यासारखे आहे.

हे हुनर फार जुने आहे. अरबी, तुर्की, स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत या कामाचे नाव जवळजवळ सारखेच आहे. तुर्कीत 'कलाफत', पोर्तुगीजमध्ये हे काम करणाऱ्याला 'कलाफाते'. मूळ शब्द कुठला यावर भाषेचे जाणकार वाद घालतात. पण एक बंदर दुसऱ्या बंदराकडून हे काम शिकत आले, हे त्या नावावरूनच कळते. आपल्या मराठीतही दर्याचे कितीतरी शब्द याच वाटेने आले. सुकाणू हा अरबी 'सुक्कान'मधून, नाखवा हा फारसी 'नाखुदा'मधून, खलाशी हा अरबी 'खलास'मधून. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना आम्हाला हे शब्द वर्गात फार उपयोगी पडतात. एका भाषेच्या धड्यात ओळखीचा झालेला शब्द दुसऱ्या भाषेत भेटला की मुले खूश होतात.

बाराव्या शतकात ग्रॅनाडाहून हजला निघालेले इब्न जुबैर यांनी तांबडा समुद्र ओलांडताना अशा नावा पाहिल्या आणि आपल्या सफरनाम्यात त्यांचे वर्णन केले. ऐधाब बंदरातून जेद्दाहला जाणाऱ्या त्या नावांना खिळा नव्हता. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या होत्या, फटींत खजुराच्या झाडाचे तंतू भरलेले होते, आणि वरून तूप, एरंडेल किंवा शार्क माशाचे तेल चोपडलेले होते. त्यात शार्कचे तेल सर्वात चांगले मानले जाई. साधने बदलली, पण रीत तीच आहे. आत तंतू, वर तेलकट थर. तांबड्या समुद्रातला कारागीर आणि विदर्भातला ढीवर एकमेकांना भेटले असते तर भाषा न येताही एकमेकांचे काम त्यांना समजले असते.

कोकणचा दर्या

तलावाच्या डोंग्यापेक्षा समुद्रातल्या नौकेचे दुखणे मोठे असते. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे नातेवाईक रत्नागिरीकडे आहेत. तिथे राजिवडा, मिरकरवाडा या वस्त्यांत मुस्लिम मच्छीमारांची घरे आहेत. त्यांच्यातला दालदी म्हणून ओळखला जाणारा समाज तर पिढ्यान्‌पिढ्या दर्यावरच जगत आला आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या पैदाशीचा तो काळ, आणि समुद्रही खवळलेला. नौका काठावर ओढून शाकारून ठेवल्या जातात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, दोन महिने सुट्टी. खरे तर गळती शोधण्याचा हाच मोसम. या दोन महिन्यांत घरात माशाचा पैसा येत नाही, आणि नेमका याच वेळी लाकूड, रंग, कापूस आणि सुतार यांचा खर्च उभा राहतो. म्हणून काही जण दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलतात. पण भर समुद्रात गळती वाढली तर जाळे टाकून परत फिरावे लागते. डिझेल, बर्फ आणि खलाशांची मजुरी गेलेली असते, हाती मासा नसतो. जूनमध्ये वाचवलेले पैसे ऑगस्टमध्ये दुपटीने जातात. आणि हा नुकसानीचा हिशेब माणसे सुखरूप परत आली तरचा आहे.

समुद्रात शोधाच्या आणखी दोन-तीन खुणा आहेत. पहिली जिभेची. तळाशी साचलेल्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला की कळते. खारट असेल तर बाहेरून शिरलेले, गोडे असेल तर पावसाचे, वितळलेल्या बर्फाचे किंवा पिण्याच्या टाकीचे. दुसरी खूण इंजिनची. नौका उभी असताना कोरडी आणि इंजिन सुरू होताच पाणी येते, असे असेल तर पंख्याचा दांडा जिथे नौकेच्या बाहेर जातो ती नळी आणि इंजिन थंड ठेवणारे पाण्याचे पाइप आधी तपासायचे. दांड्याच्या ग्लँडमध्ये चरबी लावलेली दोरी गुंडाळून दाबलेली असते. दांडा फिरताना तिथून अधूनमधून एखादा थेंब पडला तर घाबरायचे कारण नाही. त्यानेच ती जागा थंड राहते. थेंबांची धार झाली तर नट थोडा आवळायचा. पण अगदी कोरडा होईपर्यंत आवळला तर दोरी जळते आणि दांडा झिजतो. मग पुढची गळती आणखी मोठी.

तिसरा शत्रू आतला. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक शिंपल्याच्या जातीचा जीव असतो. तो बारीक असताना फळीत शिरतो आणि आतच वाढतो. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते, आत बोट जाईल अशी बिळे पडलेली असतात. रंग चकचकीत, फळी पोकळ. त्यावर उपाय म्हणजे हातोडीने ठोकत जाणे. चांगले लाकूड टणक वाजते, पोखरलेले भद्द वाजते. अशी फळी बुजवता येत नाही, बदलावीच लागते. आमच्या तलावांच्या गोड्या पाण्यात हा जीव नसतो. इथे लाकूड खराब होते ते कुजून आणि खिळे गंजून.

फायबरची नाव

आता तलावांवर आणि किनाऱ्यावरही फायबरच्या नावा वाढल्या आहेत. फायबर गळत नाही असा समज आहे, तो अर्धाच खरा. फायबरला सांधे नसतात, पण काठावरच्या दगडांवरून ओढून ओढून तिचा कणा झिजतो. कडी बसवायला पाडलेल्या भोकातून पाणी शिरते. आपटल्यावर केसासारखी चीर पडते, ती वरच्या रंगातच आहे की आतपर्यंत गेली आहे हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठीही आत पाणी घालून बाहेरून पाहायची जुनी रीतच कामी येते.

दुरुस्तीत सर्वात मोठी घाई वाळवण्यात होते. ओल्या फायबरवर नवा थर कधीच धरत नाही. चिरेभोवतीचा भाग चांगला रुंद घासायचा, कडेला उतार द्यायचा, उन्हात पूर्ण वाळवायचा आणि मग काचतंतूंची चटई रेझिनमध्ये भिजवून एकावर एक थर बसवायचे. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. एम-सीलसारखा लगदा घरी पोचेपर्यंतचा आधार, कायमची दुरुस्ती नव्हे.

घरच्या पोरांनी हे काम करायला घेतले तर एक गोष्ट त्यांना बजावून सांगा. रेझिनसोबत कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या मिळतात. हे दोन पदार्थ एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये चांगले ढवळून घ्यायचे आणि हार्डनर सर्वात शेवटी टाकायचा. काम मोकळ्या हवेत करायचे, हातमोजे आणि चष्मा घालायचा, जवळ बिडी-काडी नको. हार्डनरचा एक थेंब डोळा घेऊ शकतो.

पाण्यात असताना

कितीही काळजी घेतली तरी कधी भर पाण्यात गळती लागते. अशा वेळी सगळ्यांनी उभे राहायचे नाही. आधी भार सरकवायचा. गळती उजवीकडे असेल तर माणसे आणि जाळे हळूहळू डावीकडे घ्यायचे, म्हणजे ती जागा वर उचलली जाते. पाण्याची उंची कमी झाली की वेगही कमी होतो, हे टॉरिसेलीच्या हिशेबातून आपण पाहिलेच. भोक असेल तर कपड्यात गुंडाळलेली लाकडी गुल्ली आतून दाबून बसवायची. फट असेल तर चिंध्यांना साबण किंवा ग्रीस लावून चाकूच्या पाठीने भरायची, ठोकायची नाही. एकाने उपसायचे, एकाने वल्हवायचे, आणि सर्वात जवळच्या काठाकडे जायचे, आपल्या घाटाकडे नव्हे. गुल्ली, चिंध्या आणि दोरीने बांधलेला डबा नावेत कायम असावा. जॅकेट अंगात असावे, बसायला खाली घेतलेले नसावे.

काम कुणाचे?

शेवटी एक अवघड प्रश्न राहतो. एकट्याच्या मालकीचा डोंगा असेल तर त्याची काळजी तो घेतो. पण जिथे नाव चार-पाच घरांच्या सामाईक वापराची असते, तिथे गळती सर्वांना माहीत असते आणि दुरुस्ती कुणाचीच नसते. आज माझी पाळी, मी दहा डबे उपसून काम भागवले. उद्या तुझी पाळी, तू बघ.

बुखारी शरीफमध्ये दोन मजली जहाजाचा दाखला आला आहे. खालच्या मजल्यावरच्या लोकांना पाण्यासाठी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आपल्याच भागात भोक पाडायचे ठरवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, जागाही त्यांचीच होती. पण त्यांचा हात धरला नाही तर सगळेच बुडणार आणि धरला तर सगळेच वाचणार, असा तो दाखला आहे. सामाईक नावेत भोक पाडणारा कुणी नसतो. ते आपोआप पडते. पण हात न हलवणाऱ्यांची गत तीच होते.

यावर तोडगा अगदी साधा आहे. नाव पाळीपाळीने वापरत असाल तर डब्यांची वहीही पाळीपाळीने फिरवा. प्रत्येकाने किती डबे उपसले ते लिहायचे. आकडा वाढू लागला की त्या आठवड्यात नाव काठावर घ्यायची, आणि तिथवरच्या खर्चासाठी प्रत्येक खेपेमागे थोडी रक्कम बाजूला ठेवायची. ज्या घरात लिहायला येणारे मूल आहे त्या घरी ही वही ठेवावी. शाळेतले गणित कशाला शिकायचे, असे मुले आम्हाला विचारतात. बापाच्या नावेत आज किती पाणी आले आणि मागच्या महिन्यात किती येत होते, हे सांगता येण्यासाठी, असे उत्तर आम्ही देऊ लागलो आहोत.

सांध्यात कापूस भरण्याच्या या कामाला तुमच्या गावात कोणता शब्द आहे, ते कोकणच्या आणि तलावकाठच्या वाचकांनी आम्हाला जरूर कळवावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. शब्द त्यांच्याकडे असेल, आणि शब्दाबरोबर रीतही असेल. पुढच्या अंकांत ते शब्द आम्ही गावाच्या नावासह या सदरात देऊ, इन्शाअल्लाह.